साळिंदराची स्वभाववही

तीर्थस्वरूप मामांना,

साष्टांग नमस्कार. (पाठ धरल्यामुळे उभ्याउभ्याच घातला आहे, तरी पूर्ण धरावा.) तब्येत कशी आहे असं तुम्हाला विचारलं तर तुम्ही 'मला काय धाड भरली आहे' म्हणणार, म्हणून मामीला विचारलं. गुडघा दुखतो पण कबूल करत नाहीत, असं ती म्हणाली. म्हणजे ठीकच आहात. पत्रास कारण आहे, पण त्याआधी एक कबुली द्यायची आहे. ती बसून वाचावी.

मी कार्टूनच्या कंपनीत नेमकं काय करतो हे तुम्ही मला तीनदा विचारलंत आणि तिन्ही वेळा उत्तर पुरं व्हायच्या आत पेपर उघडलात. तेव्हा लेखी सांगतो. आमची जंगलातल्या शाळेवर एक मालिका आहे. सहा वर्षं चालली आहे. एवढ्या काळात लेखक चार झाले, चित्रकार किती आले-गेले ते मोजणं सोडून दिलं. त्यामुळे पहिल्या वर्षी पाण्याला घाबरणारा ससा तिसऱ्या वर्षी खुशाल पोहतो, आणि मग दुसरीतली मुलं पत्रं लिहून आमची अब्रू काढतात. असं होऊ नये म्हणून एक वही असते. कोण कशाला घाबरतं, कोणाच्या कुठल्या कानाला खाच आहे, कोण कधी काय बोललं, सगळं तिच्यात लिहिलेलं. ती वही माझ्या ताब्यात आहे. वहीत न बसणारं कोणी काही केलं की मी ते अडवतो. (हो, याचा पगार मिळतो.)

तर या मालिकेत एक कुलपं दुरुस्त करणारं साळिंदर होतं. भागात एकदा यायचं, अर्धा मिनिट कुरकुर करायचं आणि जायचं. मुलांना ते का आवडलं देव जाणे, पण आवडलं, आणि त्याची स्वतःची वेगळी मालिका काढायचं ठरलं. तेरा भाग. आता अर्धा मिनिट आलेला पाहुणा कोणालाही गोडच वाटतो. तो मुक्कामाला आला की त्याचा स्वभाव लागतो. वहीत साळिंदराच्या नावावर दोनच ओळी होत्या : 'काटे बावीस' आणि 'उजवा डोळा किंचित बारीक'. दिग्दर्शक बाईंनी मला चाळीस रकान्यांचा तक्ता दिला आणि शुक्रवारपर्यंत भरून मागितला. गुरुवारी दुपारपर्यंत सहा भरले होते. मग माझा नाइलाज झाला, मामा. उरलेल्या चौतीस रकान्यांत मी तुम्हाला भरलं.

रागावू नका. वाईट असं काही लिहिलेलं नाही. 'माझं काही म्हणणं नाही' असं म्हणून अर्धा तास बोलतो. 'बघू' म्हणाला म्हणजे नाही. दुसऱ्याने घडी घातलेला कागद उलगडून पुन्हा स्वतः घडी घालतो. रस्ता चुकला तरी कोणाला विचारत नाही. या शेवटच्या कलमावरून चौथ्या भागात माझी जुंपली. लेखकाने साळिंदराला एका खारीकडे पत्ता विचारायला लावलं होतं. मी काम थांबवलं. अठरा चित्रकार हात बांधून बसले. बाईंनी विचारलं, तो विचारणार नाही हे तुम्ही कशावरून सांगता? मी म्हणालो, मी मागच्या सीटवर होतो. (चार तास. तुम्हाला आठवत असेल, तुमच्या मते तो जवळचा रस्ता होता.) खार कापली गेली.

इथवर सगळं सुरळीत होतं. पण रकाना एकतीस होता 'नातेवाईक', आणि हातासरशी मी तिथे लिहून गेलो, 'बहिणीशी चार वर्षं बोलत नाही.' लेखकाने ते बरोबर उचललं. शेवटच्या भागात साळिंदर बहिणीच्या घरी जातं, उंबऱ्यात उभं राहतं आणि म्हणतं, 'चुकलं माझं.' मी त्यावर लाल खूण केली : स्वभावात बसत नाही. लेखक माझ्या टेबलाशी येऊन अद्वातद्वा बोलला. तेरा भागांत हा जराही बदलणार नसेल तर मी लिहू कशाला, असं त्याचं म्हणणं. बाईंनी दोघांनाही गप्प केलं आणि मला सांगितलं, वीस तारखेपर्यंत एक दाखला आणा. हा कधीही, कोणापुढेही, एकदा वाकला असेल तर भाग राहील. नाहीतर तो बहिणीच्या घरावरून तसाच पुढे जाईल आणि मालिका तिथे संपेल.

त्या दुसऱ्या शेवटाची चित्रं मी पाहिली. साळिंदर चालत जातं, खिडकीत दिवा असतो, ते मान वळवत नाही. मला फार वाईट वाटलं, मामा, आणि ते साळिंदरासाठी वाटलं नाही.

खरं तर त्या दिवशी आई एवढंच म्हणाली होती की राहू दे, उद्या सुतार येणारच आहे. नव्या घरात स्वयंपाकघराचं दार फरशीला घासत होतं आणि तुम्ही ते न विचारता काढून ठेवलं होतंत. तीस वर्षं शाळेत सुतारकाम शिकवलेल्या माणसाला तिने असं म्हणायला नको होतं, हे मला पटतं. पण 'मग बसवू दे त्यालाच' म्हणून तुम्ही जे उठलात ते आजतागायत. दुसऱ्या दिवशी सुतार आला. आईने त्याच्याकडून फळ्या करून घेतल्या, आणि तो दाराकडे वळला तेव्हा म्हणाली, त्याला हात लावू नका, ज्याने काढलं तो बसवील. ते दार चार वर्षं भिंतीला टेकून उभं आहे. फोडणीचा वास पार कपड्यांच्या कपाटापर्यंत जातो.

तर तुम्ही कधी वाकल्याचा एखादा दाखला आठवत असेल तर उलटटपाली कळवावा, एवढीच विनंती. मामीने दोन दिवस आठवून पाहिलं. तिच्या सांगण्यावरून तुम्ही एकदा छत्री नेली होती, पण पाऊस पडला नाही, त्यामुळे ते धरता येत नाही.

तुमचा आज्ञाधारक (वहीपुरता सोडून),
भाचा

ता. क. दाखला नाही आठवला तरी हरकत नाही. मी बाईंना विचारून घेतलं आहे : साळिंदर एक अक्षर बोललं नाही, नुसतं येऊन दार बसवून गेलं, तर चालेल का? त्या म्हणाल्या, ते जास्त बरं. तेव्हा रविवारी सकाळी या. कोणी काही विचारणार नाही.

ता. क. २. आईला या पत्राबद्दल काहीच माहीत नाही. तिने रंधा आणायला सांगितलं आहे, दार अजून घासेल म्हणते.

ता. क. ३. बिजागऱ्यांचे स्क्रू तिने डबीत जपून ठेवले आहेत. बारापैकी अकरा आहेत. बारावा चार वर्षं तुमच्या चष्म्याच्या घरात आहे, असं मामी सांगते. तेवढा आठवणीने आणा.