बाबांचं कापड

२० ऑक्टोबर

तमाशा! बाबांच्या हाडांचा तमाशा मांडणार आहे दादा!

सकाळी शहराच्या तटबंदीवर फिरायला आलेले बारा पाहुणे होते. मी नेहमीचं सांगत होते — चाचे कुठून आले, शहर कसं लुटलं, मग ही भिंत कशी उभी राहिली. खाली दादा व्हॅनला टेकून फोनवर बोलत होता. त्याचा आवाज काही लहान नाही. "हो हो, सगळं एका दिवसात! सकाळी काम्पेचेचा तट, दुपारी एत्स्नाच्या जुन्या देवळांचे अवशेष, शेवटी आमच्या पोमुच गावच्या दफनभूमीत हाडं पुसताना दाखवतो. कोणाची म्हणजे? माझ्या बापाची!"

पुढचं वाक्य माझ्या तोंडातच राहिलं. एका बाईनं विचारलं, "मग त्या चाच्यांचं काय झालं?" मी म्हणाले, "आहेत अजून."

२१ ऑक्टोबर

बाबांना जाऊन या महिन्यात तीन वर्षं झाली. आता गावच्या रीतीप्रमाणे त्यांना दफनभूमीतल्या सिमेंटनं बंद केलेल्या कोनाड्यातून काढायचं, एकेक हाड कोरड्या ब्रशनं पुसायचं, नव्या कापडात घालून पेटीत ठेवायचं. पावलं आधी, कवटी सर्वांत वर. हे घरच्यांनी करायचं असतं! आईनं आजीचं केलं, आजीनं तिच्या आईचं. तिकीट कोणी लावलं नव्हतं.

दादाला तेच म्हटलं. तो म्हणतो, "अगं, येणारे-जाणारे बघतातच. मागच्या वर्षी शेजारच्या फेलिपाकाकूनं कॅमेऱ्यासाठी नवऱ्याची कवटी वळवून ठेवली. म्हणाली, 'या बाजूनं बरे दिसतात.'"

खोटं लिहायला नको — मला हसू आलं. म्हणून आणखीच राग आला.

"दोघंही आधी जेवा," आई म्हणाली. ती हल्ली एवढंच म्हणते.

२३ ऑक्टोबर

दादा आणि मी एत्स्नाला पाहुणे घेऊन गेलो. पाच मजली देवळासमोर उभं राहिलं की मला अजून बाबा आठवतात. नऊ वर्षांची होईपर्यंत माझी शाळा हीच. दम्यामुळे मला कोणी शाळेत घेईना, आणि बाबा इथले राखणदार. पायरीवर बसवून देवळाच्या काळातले आकडे शिकवायचे — खडा म्हणजे एक, काडी म्हणजे पाच. आणि एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे. "लांदी, जे माहीत नाही त्याला 'माहीत नाही' म्हणायचं. त्यात लाज नाही."

एकदा चौथ्या मजल्यावरचं गवत काढताना बाबा घसरले. उजवी नडगी मोडली, वाकडीच जुळली. ती दाखवून म्हणायचे, "देवळानं सही केली माझ्यावर."

आज त्याच पायऱ्यांवर दादा पाहुण्यांना सांगत होता — इथे एका राजकन्येचा बळी दिला, अमावास्येला तिचं रडणं ऐकू येतं! लोक आ वासून ऐकताहेत. मी मोठ्यानं म्हणाले, "माहीत नाही. असं काही कोणालाच माहीत नाही." दादा लाल झाला.

बरं झालं. की नाही झालं? चारचौघांत म्हणायला नको होतं का? पण खोटं चारचौघांतच बोलला ना तो!

२४ ऑक्टोबर

बाबांसाठी भरत होते ते कापड पूर्ण झालं. कडेनं लाल-पिवळी फुलं, मध्ये काळ्या दोऱ्यानं नाव — विल्बेर्त तुस चाब्ले. 'ब' दोनदा उसवला. ट्रंकेत ठेवून कुलूप लावलं. तीनदा ओढून पाहिलं.

संध्याकाळी दादा दारात. "एखादं कापड दे."

"नाही."

"लांदी, जरा ऐक तरी, मी काय म्हणतो —"

"नाही ऐकत! तुझ्या गिऱ्हाइकांना दाखवायला नाही भरलं."

त्यानं दार ओढून घेतलं. मग गेला.

२५ ऑक्टोबर

आईला म्हटलं, तू अडव त्याला. म्हणाली, "त्यानं मला विचारलंय." म्हणजे हिनं हो म्हटलं! हिनं!

२६ ऑक्टोबर

दादा पाहुण्यांना घेऊन दफनभूमीत गेला. मी गेले नाही. बेकरीच्या रांगेत उभी राहिले आणि नंबर आल्यावर ब्रेड न घेताच परत आले.

बाबा, रागावू नका.

२७ ऑक्टोबर

फेलिपाकाकू कुंपणावरून म्हणाली, "तुझ्या भावानं काय हळुवार पुसलं गं! गर्दीत मला नीट दिसलं नाही, पण परदेशी बायका डोळे पुसत होत्या. कापड मात्र अगदीच साधं. ना फूल ना नाव. बापाला असं?"

कान तापले माझे! सरळ दादाकडे गेले. व्हॅनची काच पुसत होता. जे तोंडाला आलं ते बोलले. बाप विकलास म्हणाले. तू त्यांचा मुलगाच नाहीस म्हणाले. हे शेवटचं म्हणायला नको होतं, पण म्हणाले.

त्याचा हात थांबला. "सांगायला आलो तेव्हा ऐकलं नाहीस. आता जाऊन बघ. पेटी उत्तरेच्या भिंतीत, खालच्या रांगेत आहे."

जाणारच आहे. कापड घेऊन. निदान मी तरी त्यांना नीट गुंडाळीन.

२८ ऑक्टोबर

पेटीतल्या दोन्ही नडग्या सरळ आहेत.

त्या कोनाड्यावर खडूनं दादाचं अक्षर — 'नाव माहीत नाही.' दफनभूमीचा म्हातारा राखणदार म्हणाला, "ह्याचं कोणी नव्हतं. अकरा वर्षांत परवा पहिल्यांदा कुणी पुसलं."

बाबांचा कोनाडा वरच्या रांगेत. त्याचं सिमेंट तसंच आहे, न फोडलेलं.

मागून दादा आला. खांद्यावर शिडी, बरोबर आई, तिच्या हातात ब्रश.

"कापड आणलंस?" त्यानं विचारलं.