जावईबापू जेवेनात

सेंगकांग, सिंगापूर
६ एप्रिल २०१४

ती. सौ. सुलेखावहिनीस,
संजीवनीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून घाबरू नकोस, सगळे खुशाल आहोत. फोन केला की दादा स्पीकर लावून मध्ये बसतो आणि आपलं बोलणं राहूनच जातं, म्हणून म्हटलं, पोस्टच बरं.

मला काम मिळालंय. सांगलीचं कॉलेज सोडल्यापासून मी उल्हासची बायको नि जाईची आई एवढीच उरले होते. प्राणिशास्त्राची एम. एस्सी. कपाटात कापराच्या गोळ्यांसोबत पडून होती. आता जुरोंग ईस्टच्या पुढे, शाळेतल्या मुलांना साप-सरडे दाखवायचं एक केंद्र आहे, तिथे जाते. तीन महिने उमेदवारी. नंतर ठेवायचं की नाही ते मिस गो ठरवणार. ती तिथली प्रमुख, माझ्याहून लहान, कमी बोलणारी.

तिने मला एकच काम दिलंय. बॉल पायथन म्हणून छोट्या जातीचा अजगर आहे, विषारी नाही. इथे घरात साप पाळायला बंदी आहे, तरी कोणीतरी चोरून पाळला आणि मग खोक्यात घालून एका इमारतीखाली सोडून दिला. आमच्याकडे आल्यापासून तो अन्नाला तोंड लावत नाही. गुंडाळी करून, डोकं आत खुपसून बसतो. मिस गो म्हणाली की याला जेवता कर, मग तुझ्या नोकरीचं बोलू. मी त्याचं नाव जावईबापू ठेवलंय. पहिल्या दिवाळसणाला रुसून बसतात ना, तस्सा.

आणि ऐक, ज्या घरात अंड्याचं भांडं वेगळं असतं त्या घरची मुलगी आता गोठवलेले उंदीर कोमट पाण्यात ठेवून ऊन करते. उल्हासला सांगितलं, तर तो दोन दिवस माझ्या हातचा चहा घेईना.

वहिनी, मला ही नोकरी फार हवीय. एवढं कोणापाशी बोलले नाही. तू आख्ख्या गल्लीच्या पंगती वाढल्या आहेस, रुसलेल्याला जेवायला कसं बसवायचं ते सांग.

दादाला नमस्कार. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी
संजीवनी

सांगली
२१ एप्रिल २०१४

चि. सौ. संजीवनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. वाचताना उंदरापाशी आले आणि ओट्यावरचा वरणभात झाकून ठेवला. तुझ्या दादांना ही बातमी जपून सांगायला हवी होती, पण माझ्या पोटात काही राहत नाही. म्हणाले, एम. एस्सी. करून शेवटी गारुडीण झाली का. लोकांना सांगतात, बहीण सिंगापुरात शिक्षणखात्यात आहे. तू लक्ष देऊ नकोस. तेच रात्री पेपरात अजगराचं काही आलं तर मला वाचून दाखवतात.

आता जावईबापूंचं. अगं, आग्रह कर, आग्रह! माझ्या भाचीचा, सविताचा नवरा पहिल्या सणाला ताटावर हात आडवा धरून बसला होता. मी जवळ पाट ओढून बसले, गोड बोलले, हात बाजूला सारला आणि श्रीखंड वाढलं. मग बसल्या बैठकीला वाटी संपवली की नाही? तेव्हा तूही समोर बसून राहा. रोज विचार. एक पदार्थ नको म्हणाला तर दुसरा पुढे कर. आणि मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढ. परदेशात दृष्ट लागत नाही असं कुठे लिहिलंय?

तू नोकरी फार हवीय म्हणालीस ते मी दोनदा वाचलं. लहानपणापासून तू कधी काही मागितलं नाहीस. मिळू दे बाई तुला.

जाईला गोड पापा. मला विसरू नकोस म्हणायची गरज नाही, तरी म्हणते.
तुझी
वहिनी

सेंगकांग
१८ मे २०१४

ती. सौ. वहिनीस,
सा. न.

तू सांगितलंस ते सगळं केलं. दृष्टसुद्धा काढली, मिस गो जेवायला गेलेली बघून. पांढरा उंदीर झाला, काळा झाला, कोंबडीचं पिल्लू झालं. चिमट्यात धरून नाकासमोर नाचवलं. पाच-पाच मिनिटांनी झाकण उघडून बघितलं. हातात घेऊन गोंजारलं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. उलट वजन उतरलंय, पाठीचा कणा हाताला लागतो. मिस गोने काट्यावरचा आकडा बघितला आणि सांगितलं की असंच चाललं तर डॉक्टरांकडून नळीने भरवावं लागेल, आणि माझी उमेदवारीही तिथेच संपेल. ते ऐकून बसमध्ये रडले. शेजारच्या बाईने टिश्यूचं पाकीट पुढे केलं.

लाजेची गोष्ट ही की पुस्तकात सगळं लिहिलंय. असा साप महिनोन्महिने उपाशी राहू शकतो. त्याला अरुंद, अंधारी जागा द्या, हात लावू नका, सारखं डोकावू नका. हे मी वाचलं होतं, पूर्वी शिकवलंही होतं. पण भरलं ताट समोर आणि खाणारा नको म्हणतोय हे बघितलं की माझ्यातली बाई मास्तरणीचं ऐकेना.

मग परवाची गोष्ट. जाईची वर्गमैत्रीण घरी आली होती. मी पुरणपोळ्या केल्या होत्या. ती एक खाऊन पुरे म्हणाली. मी दुसरी वाढली, मग तूप सोडून तिसरी. पोरीने डोळ्यांत पाणी आणून खाल्ली. ती गेल्यावर जाई माझ्यावर इतकी भडकली म्हणून सांगू. म्हणे ती आता आपल्या घरी येणार नाही, तिला तुझी भीती वाटते. मम्मी, शी ऑलरेडी सेड नो लाह, असं इथल्या ठसक्यात म्हणून तिने दार लावून घेतलं.

मी तशीच पोळपाटापाशी उभी राहिले. आपल्याकडे पहिल्या वाढीला हो म्हणणं म्हणजे हावरटपणा. दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा हात आडवा धरायचा, आणि वाढणाऱ्याने तो खोटा धरून वाढायचं. त्या पोरीला हा खेळ कुठून ठाऊक असणार? आणि सापाला? तो बिचारा मनापासून नको म्हणत होता आणि मी महिनाभर त्याचा हात बाजूला सारत होते. घाबरलेल्या जिवाला मी आणखी घाबरवलं, वहिनी.

कालपासून सगळं बंद. त्याला अंगाला घट्ट बसेल असं लहान खोकं दिलंय, पेटीच्या काचांवर आतलं दिसणार नाही असं काळं कापड टाकलंय. आठवडाभर अन्न नाही, दर्शन नाही. मग एकदाच उंदीर आत ठेवून निघून यायचं. हात नुसते शिवशिवतात.

माझ्यासाठी देवापुढे साखर ठेव.
तुझीच
संजीवनी

सांगली
२ जून २०१४

चि. सौ. संजीवनीस,
आशीर्वाद.

आधी रागच आला. तीस वर्षं मी आग्रह करकरून लोकांना जेवू घातलं, ते काय सगळ्यांना छळलं? दोन दिवस फुरंगटून होते. मग म्हटलं, बघू तर खरं. तुझ्या दादांना रोज तिसऱ्या पोळीसाठी मनधरणी लागते. मंगळवारी त्यांनी नको म्हटलं आणि मी डबा झाकला. माझ्याकडे बघतच राहिले. हात धुतला, झोपाळ्यावर जाऊन बसले. थोड्या वेळाने स्वयंपाकघरात भांडं वाजलं. बघते तर साहेब स्वतः डब्यातून पोळी काढून, गूळतूप लावून, उभ्यानेच खातायत. वर मलाच म्हणाले, आज पोळ्या छान झाल्यात. लग्नानंतर पहिल्यांदा.

तेव्हा वन्संबाई, तुमचं बरोबर असेल. पण घाई नको. पी हळद आणि हो गोरी असं होत नाही. हात शिवशिवले तर कणीक मळत बस, पण ते कापड उचलू नकोस. तुझे दादा रोज पोस्टमनला विचारतात. मला सांगतात, वीजबिलाची वाट बघतोय.

साखर ठेवली आहे. तुझ्यावर जीव आहे, हे काय लिहायचं.
वहिनी

सेंगकांग
६ जुलै २०१४

ती. सौ. वहिनीस आणि ती. दादास,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र दादाने मोठ्याने वाचावं.

जेवले! जावईबापू जेवले!

पहिल्या वेळी उंदीर तसाच राहिला. मी उचलून टाकला, पुन्हा आठवडाभर तिकडे फिरकले नाही. दुसऱ्या वेळी सकाळी कापड उचललं, तर उंदीर नाही. मला खरंच वाटेना. पाण्याच्या वाटीखाली बघितलं, पालापाचोळा उपसला, कुठे नाही. मग त्याचं खोकं अलगद वर केलं. आत गुंडाळी करून बसला होता आणि पोटाच्या मध्यावर छान फुगवटा. वहिनी, मी तिथेच खाली बसले आणि हुंदके देऊन रडले. पलीकडच्या कासवांचं पाणी बदलणारी माणसं धावत आली, त्यांना वाटलं साप चावला.

मिस गो म्हणाली, एका जेवणाने काही ठरत नाही. पुढच्या आठवड्यात दुसरं जेवण झालं. आणि तिसऱ्या खेपेला उंदीर आत ठेवायला गेले तर याने खोक्यातून मान काढली आणि विजेसारखी झेप घालून माझ्या चिमट्यातूनच घेतला. मिस गो मागे उभी होती. तिच्या तोंडून मी पहिल्यांदा मोठा आवाज ऐकला. सगळ्यांना बोलावून तिने सांगितलं की हे संजीवनीचं काम आहे. वजन पुन्हा चढायला लागलंय. येत्या महिन्यापासून शाळेची मुलं त्याला बघायला येणार आहेत, काचेबाहेरून, आणि त्याच्याबद्दल मी बोलणार आहे.

आता खरी गोष्ट. त्याच दुपारी तिने मला बोलावून विचारलं की कायम राहायला आवडेल का. आणि वहिनी, माझ्या जिभेवर काय आलं असेल? आलंच होतं की नाही नाही, मी कसली, बघू, घरी विचारते, तुम्हाला दुसरं कोणी चांगलं मिळत असेल तर… सगळं आपलं ठरलेलं. आपल्याकडे समोरच्याने मग आग्रह करायचा असतो. पण ही मिस गो. हिने मान डोलावली असती, ठीक आहे म्हणाली असती आणि जागा दुसऱ्या कोणाला गेली असती. कॉलेज सोडताना, इथे येताना, प्रत्येक वेळी मी असंच नको, चालेल, असू दे म्हटलं होतं, आणि कोणी ना कोणी ते खरं धरलं होतं.

मी खुर्चीत सरळ बसले आणि तिला सांगितलं की हो, मला हवीय. पूर्ण वेळ हवीय आणि उद्यापासून हवीय.

ती म्हणाली, छान, सही कर.

संपलं. एवढंच होतं, वहिनी. मी सही केली आणि बसस्टॉपपर्यंत अक्षरशः पळत गेले. उल्हासला फोन केला, तो ऑफिसातच ओरडला. जाईने संध्याकाळी मला मिठी मारली.

दादा, आता लोकांना सांग, माझी बहीण साप सांभाळते, आणि चांगली सांभाळते. वहिनी, दिवाळीला आम्ही येतोय. माझ्यासाठी श्रीखंड कर, दोन वाट्या. तुम्हा दोघांची मायाही हवीय, भरपूर हवीय, आणि आढेवेढे न घेता मागतेय.

तुमची
संजीवनी