उष्टी चिंच

मेहकर, ३ डिसेंबर १९३४

आले एकदाची. खामगावहून सर्व्हिस मोटारीत माणसं, बोकडं आणि एक शिवणयंत्र होतं, आणि त्यांतल्या त्यात बोकडांचं वागणं सभ्य होतं. दवाखान्याच्या आवारात मला दोन खोल्या मिळाल्या आहेत. पुढे पडवी, समोर पेरूचं झाड, आणि उजेड इतका की अमरावतीचं बिऱ्हाड आता तळघर वाटतं.

डॉक्टर भगवानराव साठीचे, सज्जन, आणि दोन्ही कानांनी जवळजवळ बहिरे. रोगी पोट दुखतं म्हणाला की ते जीभ बघतात, आणि औषध बहुधा बरोबर लागू पडतं. कंपाउंडर कय्यूमभाई बाटल्या इतक्या पुसतात की आतलं औषध लाजावं. आया रुखमाबाई टेबल धुते, हत्यारं उकळते आणि गावच्या बातम्या कोमट ठेवते.

दवाखाना कमिटीच्या हाती आहे. अध्यक्ष इंद्रभानजी मोठे जमीनदार. मूलबाळ किती, असं त्यांनी विचारलं. नाही, म्हटलं. वय? अडतीस. मग आता काळजी नाही, असं म्हणून त्यांनी मला सहा महिन्यांच्या परीक्षेवर ठेवून घेतलं. आधीच्या नर्सबाईला दिवस गेले तेव्हा तिला त्याच महिन्यात घरी पाठवलं, हेही त्यांनी दानधर्म सांगावा तसं सांगितलं.

मी खोटं बोलले नाही. मूलबाळ अजून नाहीच. दुसरा महिना चालू आहे. सोळा वर्षांच्या संसारात हे पहिल्यांदा घडतंय, आणि नेमकी आमच्या ह्यांची मास्तरकी सुटल्यावर. म्हणजे पोर टिकवायचं आणि नोकरीही. पदर सैल ठेवायचा आणि तोंड बंद. दुसरं मला जड जाणार.

७ डिसेंबर

नाव अन्नपूर्णा, आणि पोटात अन्नाचा कण ठरत नाही. पहाटे दात घासताना सुरुवात होते. मग फोडणीचा वास, ओल्या पट्ट्यांचा वास, डॉक्टरांच्या डोक्यावरच्या माक्याच्या तेलाचा वास. पंचवीस रोगी तपासायचे, मध्येच हात धुण्याच्या निमित्ताने मोरीत जायचं, बादली आपटून आवाज झाकायचा, आणि पदराने तोंड पुसून बाहेर येऊन दुसऱ्या बाईला सांगायचं की उलट्यांना घाबरू नये, पोर धरून असल्याची ती खूण आहे. बाया मान डोलावतात. मला मात्र ही खूण थोडी कमी चालली असती.

रुखमाबाई संध्याकाळी उंबऱ्यावर लिंबू ठेवून गेली.

आज इथलं पहिलं ऑपरेशन पाहिलं. क्लोरोफॉर्मची बाटली उघडण्याआधी कय्यूमभाईंनी दोन्ही कानांत कापूस कोंबला. मी म्हटलं, भाई, ही वाफ नाकातून जाते, तुम्ही भोक चुकलात. ते हसले नाहीत. या टेबलाचं असंच आहे, एवढंच म्हणाले.

१२ डिसेंबर

कय्यूमभाई भाचीच्या लग्नाला मोताळ्याला गेले, आणि बाटली माझ्याकडे आली.

काय सांगू तो वास. गोड, गार. रोग्याच्या तोंडावर जाळी धरून मी थेंब सोडत होते आणि माझीच मळमळ विरघळत होती. गर्भिणीच्या ओकाऱ्यांवर क्लोरोफॉर्मचं पाणी चमच्याने देतात, ते मलाही पाठ आहे, पण वासानेच काम होत असेल तर चमचा कशाला विटाळा.

रोगी कापसाच्या जिनातला हमाल होता, हाताचं मांस यंत्रात फाटलेलं. चांगला रेड्यासारखा गडी, भरघोस मिशा. शुद्ध हरपता हरपता तो बारीक बायकी आवाजात म्हणाला, "बाई, मले चिंच दे नं. सकाळपासून मांगून राह्यली."

जाळीखाली माणसं काहीही बोलतात. एकाने मला सासूच्या नावाने शिव्या दिल्या होत्या. त्या मानाने चिंच म्हणजे फारच सात्त्विक मागणी. डॉक्टरांना अर्थातच ऐकू आलं नाही. रुखमाबाई मात्र चिमटे मोजता मोजता थांबली.

१६ डिसेंबर

शिपाई रंगराव मांडीचं गळू कापून घ्यायला आला. जाळी धरली. तोच आवाज, तेच शब्द.

त्यानंतर नूरबी म्हणून एक म्हातारी, खांदा निखळलेली. तिची बोली वेगळी, दात नाहीत, शुद्धीत असताना अल्लाचं नाव तोंडात. जाळीखाली मात्र तरण्या बाईचा आवाज, एकेक अक्षर स्वच्छ. बाई, मले चिंच दे नं.

रुखमाबाईला पडवीत बसवून विचारलं. तिने आधी माझा चहा संपू दिला, मग सांगितलं. जानेफळची कोकिळा. लग्नाला कितीतरी वर्षं झाल्यावर दिवस राहिले होते, तिसरा महिना. काखेत बेंड झालं म्हणून आणलेली. क्लोरोफॉर्म द्यायचा तर पोट रिकामं हवं, म्हणून सकाळपासून पाणीसुद्धा दिलं नव्हतं. ती मात्र चिंच मागत राहिली. आधीच्या नर्सबाईने नाही म्हटलं. जाळी ठेवली, चार थेंब पडले, आणि सुरी लागायच्या आतच तिचं हृदय थांबलं. डोहाळा तसाच राहिला. तेव्हापासून या टेबलावर जो निजतो त्याच्या तोंडून ती मागते.

मी रुखमाबाईला वैद्यकाचे चार शब्द ऐकवले. तिने ते कोमट चहासारखे बाजूला ठेवले.

खरं तर मीही चिंच दिली नसती. नियमच तसा आहे.

२० डिसेंबर

कय्यूमभाई परत आले, पण बाटली मी सोडली नाही. त्यांनीही मागितली नाही. आता दिवसातून दोनदा रुमालावर चार थेंब टाकून हुंगते. तेवढा वेळ बरं वाटतं, आणि चिंचेची आठवण येते. मला चिंच कधी आवडली नव्हती.

आज एका पोरीचा पाय बसवायचा होता. जाळीखाली ती आधी गप्प पडून होती. मग मान माझ्याकडे वळली. डोळे मिटलेले. "तुले बी दिवस हायेत नं वं. दोघीले आंबट लागते."

 डॉक्टर पाय ओढत होते, कय्यूमभाईंच्या कानांत कापूस. पोरीची आई बाहेर पायरीवर होती. ऐकलं ते रुखमाबाईने, आणि ते तिला लिंबाच्या दिवसापासून माहीत आहे.

पण मी हे नवऱ्याखेरीज कोणालाच सांगितलेलं नाही.

२४ डिसेंबर

आता खरी गंमत. इंद्रभानजींच्या पाठीला काळपुळी झाली आहे. परवा सकाळी कापायची. थोरला मुलगा आणि दिवाणजी आत उभे राहणार, म्हणजे चार कान, चारही धडधाकट. अध्यक्ष महाशय टेबलावर आडवे होणार आणि स्वतःच्या तोंडाने जाहीर करणार की नर्सबाईला दिवस आहेत. कमिटीचा ठराव इतक्या थेट मार्गाने कधी आला नसेल.

हसू येतंय, पण नोकरी गेली तर बाळंतपण कशावर करायचं?

रुखमाबाई म्हणाली की कोकिळेची तोंडबंदी एकच, तिला जे हवं ते देणं. गर्भिणीने गर्भिणीला द्यावं. एक फळ घ्यायचं, हाताने मोडून दोन भाग करायचे, अर्धा आपण खायचा, अर्धा टेबलाखाली ठेवायचा. एवढंच. मी म्हटलं, हे अमरावतीला कोणाला सांगू नकोस, माझं सर्टिफिकेट काढून घेतील. तिने परकराच्या खिशातून चिंचेचं बोटूक काढून माझ्या हातावर ठेवलं.

२६ डिसेंबर

ठेवली चिंच. पहाटे, कोणी यायच्या आत. बोटूक चिवट निघालं, मोडेना. बाहेर डॉक्टरांची काठी वाजली, म्हणून दातांनी तोडलं आणि अर्धं टेबलाच्या पायाशी ठेवलं. काय आंबट होती. डोळ्यांत पाणी आलं, आणि जिवाला कसा थंडावा मिळाला.

इंद्रभानजींना कुशीवर निजवलं. मुलगा आणि दिवाणजी भिंतीला टेकून उभे. थेंब सोडले. 

एक शब्द नाही. काळपुळी कापली, पू काढला, तरी शांत. मी मनातल्या मनात रुखमाबाईला साडी घेतली.

मग पट्टी बांधताना ते धिप्पाड अंग हललं. घशात ओकारी दाटली, मी तोंड बाजूला वळवलं, काही पडलं नाही. त्यांचा हात हळूच खाली गेला आणि पोटावर ठेवला गेला. हळुवार, तळवा पसरून. जाळीखाली ते हसत होते. आणि तो आवाज, अगदी तृप्त:

"आता नको मले चिंच. मळमळ होऊन राह्यली."

मुलगा म्हणाला, बाबांना पित्त झालं वाटतं. मी हो म्हटलं.

२८ डिसेंबर

परवापासून मला ओकारी नाही. भाकरी, ठेचा, डॉक्टरांचं तेल, कशाचंच काही नाही. काल तर रुखमाबाईच्या डब्यातला झुणका मागून खाल्ला. माणसात आले म्हणायचं.

रुमाल हुंगला. क्लोरोफॉर्मचाही वास आला नाही.

३० डिसेंबर

आज एक बाई तपासायला आली. तिसरा महिना. म्हणाली, उलट्या एका रात्रीत थांबल्या, बाई, लई बरं वाटून राह्यलं. मी तिच्या पोटावर हात ठेवला. अशा बायांना मी वर्षानुवर्षं काय सांगत आले आहे ते मला माहीत आहे. इतक्या लवकर, इतक्या एकाएकी थांबणं बरं नाही.

दिवस राहिल्यापासून भरून दुखणारी छाती दुखायची थांबली आहे. डाग नाही, कळ नाही. काहीच नाही. हेच वाईट.

मोरीत घशात बोटं घातली. कोरडी उबळ. ती नव्हे.

२ जानेवारी

दोन रोगी. दोघेही जाळीखाली ओकत होते, दोघांचे हात पोटावर. दुसरा तर दहा वर्षांचा मुलगा. पोट थोपटत होता.

मी वाकून, ओठ कानाशी नेऊन म्हटलं, ते माझं आहे. परत दे.

तो हसला. किंवा ती.

४ जानेवारी

रुखमाबाईला सगळं सांगितलं. ती चिंचेबद्दलच विचारत राहिली. हातानं मोडली होती नं? नखानं?

दातांनी, म्हटलं.

ती खाली बसली. मग म्हणाली, "उष्टं दिलं तुम्ही तिले. उष्टं म्हंजे आपल्या पोटातलंच की, बाई. आई लेकराले देते ते."

चिमट्याला बोट लागलं तर मी तो पुन्हा उकळते. घोट घेतलेला पेला दुसऱ्याच्या हाती देत नाही. माझ्याच हातून—

मी चिंच दिली, पोर नाही, असं म्हटलं. ती म्हणाली, तिले काय फरक कयते.

ह्यांना पत्र लिहायला बसले होते. एक ओळही—

६ जानेवारी

अजून काही नाही. भूक लागते. जेवते. जेवताना रडते. एक ओकारी, देवा. एकच. मोरीत पडून राहीन, दिवसभर ओकीन, तक्रार करणार नाही.

सोळा वर्षं वाट पाहिली होती—

ती टेबलाशी आहे. जाळीखालीच भेटते. मग मीच—

८ जानेवारी

ठरलं. उद्या दुपारी दवाखाना बंद असताना. मी निजणार, थेंब रुखमाबाई सोडणार. आधी नाही म्हणाली. पाया पडले. म्हटलं, ती माझ्या तोंडून बोलली की तिला सांग, चिंच सगळी घे, झाड घे, माझं तेवढं परत दे.

पोट रिकामं ठेवलं आहे. सकाळपासून पाणीही नाही. नियम आहे.

९ जानेवारी

झालं. जागी झाले. टेबलावर बसून लिहिते आहे. 

आली. मळमळ आली. बादलीत ओकले आणि हसले. परत ओकले. छाती दुखते, पोटाखाली तीच ओढ. आहे. पोर आहे. धरून आहे—

रुखमाबाई कोपऱ्यात. मी जाळीखाली काय बोलले, विचारलं. ती कानात कापूस घालते आहे.

चिंच पाहिजे. आत्ता. सकाळपासून मागून राह्यली, कोणी देत नाही—

रुखमाबाई दारापाशी गेली, एका कानातला कापूस काढला. तिथूनच विचारलं, "कोन हायेस वं तू?"

काय हे विचारणं. नाव सांगितलं. ऐकून पळाली. काऊन पळाली असंन? म्या तं माहंच नाव सांगतलं. जानेफळची—