तिखटाचा एक थेंब

२ नोव्हेंबर, रविवार
अंगणवाडीला सुट्टी, पण पाठीला नाही. धुणं, दळण, वर त्या फोनमध्ये लेकरांची वजनं भरा! आकांक्षा पुण्याहून आली. नोकरी लागल्यापासून पहिल्यांदाच. येताना बोटभर बाटली आणली — मिरचीचा सॉस. "आई, लई तिखट आहे. थेंबभरच घ्यायचा." आता पुसेगावात तिखट पुण्याहून यायचं राहिलं होतं! उद्या बघू. डोळे मिटून राहिलेत.

३ नोव्हेंबर
संध्याकाळी भजी केली. शेजारच्या धुरपताबाईला बोलावलं. आकांक्षानं काडीनं एकेक थेंब लावून दिला. "अगं माय माय! ह्याला आंबूस वास काहून येऊन राहिला?" म्हणत, डोळे पुसत धुरपताबाईनं दुसरं भजं मागितलं. मला ठसका लागला. पण हसलो खूप. किती दिवसांनी!

आमचे हे सवाऱ्यांची जीप लावून आले, खाटेवर बसून नुसतं बघत होते. घेईनात. "बाबा, पैजेवर एकवीस मिरच्या तुमीच खाल्ल्या होत्या ना?" शेवटी घेतलं. अन् ओरडलेच! ताटली भिरकावली. "बापाला मारायला आणलं का हे?" पोरगी रडत आत गेली. सांडलेली भजी कुत्र्यानं खाल्ली. मला रागवायचंही त्राण नव्हतं.

४ नोव्हेंबर
यांच्याशी बोलले नाही.

६ नोव्हेंबर
आकांक्षाला एसटीत बसवून दिलं. खिडकीतून म्हणाली, "आई, बाबांच्या भज्याला मी सगळ्यात कमी लावलं होतं. नखाएवढं पण नव्हतं."

दिवसभर तेच डोक्यात. मग एकेक आठवू लागलं. भाकरी दुधात कुस्करतात. ठेचा बाजूला सारतात. भाजीत पाणी ओततात, अर्ध्यावर उठतात. मी समजत होते, माझ्या हातचं नको झालंय. तेवीस वर्षं झाली लग्नाला, होत असेल. एकदा तर वाटलं, दुसरीकडं कुठं जेवून येतात का... विचारलं नाही. विचारायलाही अंगात जीव लागतो.

७ नोव्हेंबर
वरणात तिखट टाकलंच नाही. हळद-मीठ, बस्स. तरी पहिल्याच घासाला यांच्या डोळ्यांत पाणी.

"काय होऊन राहिलं?"
"काही न्हाई."
"तोंड उघडा."

उघडेना! जेमतेम एक बोट जाईल एवढंच. मी घाबरलेच.

मग खाली बघत म्हणाले, "सहा महिने झाले. पाणी सोडून सगळंच जळतं. तुला सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, गुटख्याची पुडी सोडा. पुडी न्हाई तर गाडीवर डुलकी लागते."

ताट तसंच राहिलं. थोड्या वेळानं म्हणाले, "पोरीला फोन लाव. उगाच ओरडलो तिच्यावर."

१० नोव्हेंबर
रजा टाकली. अंगणवाडीच्या सुपरवायझर मॅडम फोनवर बोलल्या ते बोलल्या. हिंगोलीला दाताच्या डॉक्टरीणबाईकडं गेलो. गाल आतून दोरीसारखे ताठ झालेत म्हणे. तुकडा काढून तपासायला पाठवला. परतताना गाडी सुरू करायच्या आधी यांनी खिशातली पुडी गटारात टाकली. आधी बघितलं मी बघतेय का, मग टाकली.

१७ नोव्हेंबर
रिपोर्टला अजून दोन दिवस. वरणभात. वरणभात.

१९ नोव्हेंबर
कॅन्सर नाही! "अजून नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. 'अजून'वर जोर. पुडी कायमची बंद, गालात सुया, रोज तोंडाचा व्यायाम. फोनवर आकांक्षा रडली, इकडं हे रडले. मी नाही. रडायचाही कंटाळा आलाय.

२० नोव्हेंबर
काल एक लिहिलं नाही. हे औषधं आणायला खाली गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "ताई, मिसरी लावता का?" लावते. वीस वर्षं, दिवसातून चारदा. तीही तंबाखूच. ह्या वहीलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. म्हणाल्या, "बसा खुर्चीत. तोंड उघडा."

डाव्या गालात पांढरा चट्टा आहे. सोमवारी माझा तुकडा काढणार.

यांना अजून सांगितलं नाही.