पित्त म्हणू नकोस

प्रिय कादर,

हे पत्र हेमाच्या हाती पाठवतोय. फोनवर माझी जीभ अजून अडखळते आणि तू "बरं बरं, ठेवतो" म्हणून सुटतोस. माझ्या लेकीला तसं वाटेला लावता येणार नाही. तुझ्या सुनेचा, नाजिमाचा, आत्ताच फोन आला होता. तुझ्या काळजीने रडत होती पोर.

आठवतं, दुपारचं ऊन बाकावर यायचं आणि सारा वर्ग कवितेच्या चालीवर डोलायचा? अर्थ कुणाला कळत होता! पण चाल अंगात मुरली. म्हणून तर म्हातारपणीही आपण रविवारी सारसबागेत जमून त्याच कविता म्हणतो. पेंडसे मास्तर गालात तंबाखूचा बार धरून, तोंड वाकडं करून शिकवायचे. ती नक्कल माझी ठरलेली.

त्या रविवारी नक्कल करतानाच माझं तोंड खरंच वाकडं झालं. शब्द बोबडे झाले, आणि साईनाथ ओरडला, "श्रीधऱ्या, वन्स मोअर!" सगळे टाळ्या पिटत होते. एकटा तू उठलास. "दोन्ही हात वर धर." उजवा आपोआप खाली आला. कुणी पाणी पुढे केलं, ते तू हिसकावलंस, "ठसका लागून मरेल!" कुणी म्हणालं, घरी नेऊन झोपवू, त्याला मार्केट यार्डातले हमालही लाजतील अशी शिवी हासडलीस आणि १०८ ला फोन लावलास. वेळेत पोचलो, म्हणून मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता आलं. हे गिचमिड अक्षर त्याच उजव्या हाताचं आहे.

आणि आता तू! गाळ्याच्या पायऱ्या चढताना छातीवर कांद्याची गोणी ठेवल्यासारखं झालं, कळ जबड्यापर्यंत गेली, सदरा घामाने भिजला. कालपासून दोनदा. तरी "पित्त आहे" म्हणून सोडा पितोस? बसलं की थांबतं, म्हणून ते पित्त होत नाही रे. हार्ट अटॅक नाटकातल्यासारखा छाती पिटत येतोच असं नाही. वाचताना पुन्हा दुखू लागलं, तर जागचा हलू नकोस, हेमाला १०८ लावू दे. नसेल दुखत, तरी आत्ताच तिच्या गाडीत बस. गाळा नाजिमा बघेल. मी रिक्षाने पुढे जाऊन हॉस्पिटलच्या दारात बसतोय. तू येईपर्यंत उठणार नाही, वॉचमनने हाकललं तरी.

तुझी वाट पाहणारा, तुझाच
श्रीधर