नकाशावरचा डाग

प्रिय लेमेंटिना,

अक्षर मळेवाल्या प्रिचर्डबाईंचं, बोल माझे. दर वाक्याला बाई म्हणतात, "केझाया, जरा हळू." म्हटलं, लगाम घोड्याला असतो, मला नाही, तुम्हीच पळा.

तुझ्या फोनवरचा निरोप बाईंनी सांगितला. हेरफर्डच्या दुकानदाराला आपला परगण्याचा नकाशा भारीच आवडलेला दिसतोय! राणी व्हिक्टोरियाच्या वेळचा, मागून कापड लावलेला, हातानं रंगवलेला. शनिवारी कुणी शौकीन न्यायला येणार म्हणे. आम्हाला मिळाला तेव्हा त्यात बशा गुंडाळलेल्या होत्या. मी बशा उचलल्या, तुझ्या आजानं कागद.

वाचता आम्हा दोघांनाही येत नव्हतं. पण बिअरच्या हॉपफुलांच्या तोडणीला दरवर्षी उत्तरेकडून खाली यायचो, म्हणून तो नकाशा उलटा धरायचा, पुढचा रस्ता पुढंच दिसावा म्हणून. एकदा एक पोलीस हसला, "बाबा, उलटा धरलायस!" तर हा म्हणतो, "साहेब, तुम्ही समोरून या, सुलटा दिसेल." त्या विनोदापायी आम्हाला तो मुक्काम सोडावा लागला, ते वेगळं.

मार्चमध्ये तो गेला आणि आपल्या फिरस्त्यांच्या रीतीप्रमाणे त्याची राहती गाडी पेटवली, ते तू पाहिलंसच. वाजवायचं फिडल, खोगीर, त्याचा कप, सगळं तिच्यासोबत. त्याचा भाऊ नोआ अजून कुरकुरतोय, "नकाशा तेवढा का वाचवला? गेलेल्याची वस्तू ठेवतं का कुणी?" मी म्हटलं, "ठेवलाय कुठं? जिवंतपणी स्वतःच्या हातानं त्यानं नातीला दिला, विकून शिलाई मशीन घे म्हणाला. तू काय तेव्हा त्याच्या उशाशी बसला होतास?" तेव्हा तू खुशाल वीक. फक्त स्वतःच्या घरात लावू नकोस, तेवढं नोआचं खरं आहे.

पण बाई सांगतात, दुकानदार म्हणतोय की खाली नदीजवळ काळा डाग आहे, पावाच्या मऊ गरानं घासला की जाईल आणि किंमत वाढेल. हे ऐकल्यापासून मला चहासुद्धा कडू लागतो. प्रिचर्डबाई तो कडूच करतात म्हणा. लिहा, लिहा बाई, हेही लिहा.

लेमे, तो डाग नव्हे. तुझ्या आईच्या आधी मला एक मुलगी झाली होती. तोडणीला येताना वाटेतच तिला ताप भरला. नदीजवळच्या गाडीवाटेच्या वळणावर, काटेरी कुंपणाखाली, आम्ही तिला मातीत ठेवलं. सकाळी आम्हाला तिथून हुसकलं, दगड लावायलाही सवड दिली नाही. तुझ्या आजानं शेकोटीतला कोळसा घेतला आणि कागदावर त्या जागी बोट टेकवलं. पुसट झालं की पुन्हा टेकवायचा. ती वाट आता मोठ्या रस्त्याखाली गेलीय. गेलेल्याचं नाव आपण तोंडातून काढत नाही, त्यामुळं तुझ्या आईलाही ठाऊक नाही. बाईंनासुद्धा मी ते नाव लिहू देणार नाही. शनिवारच्या आत त्या दुकानात जा. दुकानदाराच्या हातात पाव दिसला तर हिसकावून खाऊन टाक. गिऱ्हाईक परत गेलं तर जाऊ दे, दुसरं येईल. परक्याच्या भिंतीवर का होईना, माझी पोर असू दे.

तुझीच, वाट बघणारी
आजी