चिमूटभरही मीठ नाही

२ मार्च
मीठ न घालता जेवणाला चव कशी आणायची? खरं सांगायचं तर मला माहीत नाही. पण बी.एस्सी. झालेल्या मुलीला हे दोन-चार दिवसांत जमायला हवं.
बाबांच्या किडन्या अर्ध्याच चालतात. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, मीठ जवळजवळ बंद करा, दर महिन्याला रक्त तपासा, नाहीतर मशीनवर यावं लागेल. मशीन म्हणजे डायलिसिस. घरी आल्या आल्या मी जाहीर केलं, आमच्याकडे मशीन लागणार नाही. अन्न हेच औषध. नितेश, माझा धाकटा भाऊ, औषधांची पिशवी पाहून म्हणाला, मंग एवढ्या गोया काहून आणल्या वं?

४ मार्च
स्वयंपाकघराचा ताबा घेतला. लोणचं, पापड, सांडगे, मिठाची बरणी, सगळं शेजारच्या मनकर्णाकाकूंना देऊन टाकलं. त्यांच्या देवरावकाकांनाही हाच आजार आहे. तिथे देणं बरोबर होतं का, यावर नंतर विचार करीन.
पाण्याचंही नियोजन केलं. नळ आठवड्यातून एकदा येतो. ते धरणाचं गोड पाणी आई प्यायलाही वापरायची आणि स्वयंपाकालाही. आता ते फक्त प्यायला. स्वयंपाक, चहा बोअरच्या पाण्यावर. आई म्हणाली, बोअरचं पाणी खारं हाय, त्याच्यात दाय शिजत नाही. मी समजावलं की डाळ कुकरमध्ये शिजेल, आणि उकळल्यावर पाणी शुद्ध होतं, हे विज्ञान आहे. आईने गोड्या पाण्याचा हंडा बाजूला सरकवला. घरातली पहिली ग्रॅज्युएट असण्याचा हा फायदा.

७ मार्च
मुगाची पातळ डाळ, दोडका, ज्वारीची भाकर. चिमूटभरही मीठ नाही. कुकरला भरपूर शिट्ट्या. बाबा बोटं चाटत म्हणाले, जमलं बाई तुले. आईने पण परत वाढून घेतलं. जिरं आणि लसूण नीट सांभाळले की मिठाची गरजच पडत नाही. उत्तर इतक्या लवकर मिळेल असं वाटलं नव्हतं.
चहा मात्र खारट लागतो. अमरावतीच्या होस्टेलमध्ये जीभ बिघडली.

१६ मार्च
चहा आता खारट लागत नाही. बोअरचं पाणी सुधारलेलं दिसतं.
वरूडच्या आत्याने संत्र्यांची पेटी पाठवली. पोटॅशियममुळे बाबांना संत्री बंद. निग्रह शिकवावा म्हणून पेटी त्यांच्यासमोर उघडली, वास घेऊ दिला, बंद केली. सकाळी अर्धी रिकामी. नितेशला निग्रह नाही.

२ एप्रिल
आज रक्त तपासायला जायचं होतं. गेलो नाही. एक तर ऊन. दुसरं, सारखं तपासणं म्हणजे आपल्याच अन्नावर अविश्वास. शिवाय बाबांचा चेहरा भरला आहे, वजनही वाढलं आहे. आई म्हणाली, भरला नाही वं, सुजला. तिला पोषण दिसत नाही.

११ एप्रिल
मनकर्णाकाकू शिकायला आल्या. म्हणाल्या, मी बिनमिठाचं केलं का आमचे हे ताट सरकवून देतात, तुया हाताले काय चव हाय वं. मी काही लपवलं नाही. जिरं आधी भाजायचं. गोड पाणी प्यायला राखायचं, स्वयंपाकाला आमच्या बोअरचं न्यायचं. संध्याकाळी मुद्दाम सांगायला आल्या की देवरावकाका दोन वाट्या डाळ प्याले.
गावासाठी काहीतरी करावं असं मला कॉलेजपासून वाटत होतं. आता अर्धी गल्ली आमच्या बोअरवर पाणी भरते.

२३ एप्रिल
बाबांच्या पायात चप्पल जाईना. नितेशची दिली. तीही जेमतेम. बोटातली अंगठीही निघत नाही. साबण लावून पाहिला, पण आमच्या पाण्यात साबणाला फेसच येत नाही.
रक्ततपासणी पुढच्या महिन्यात नक्की. तोवर रिपोर्ट आणखी चांगला येईल.

५ मे
बाबांना ध्यानाची गोडी लागली आहे. रात्रभर भिंतीला टेकून बसून असतात. सात्त्विक आहाराचा परिणाम. आईला कौतुकाने सांगितलं तर म्हणते, ध्यान कायचं, आडवं झालं का दम लागून राहिला त्यायले.
ती फार नकारात्मक बोलते. उद्यापासून डाळीचं पाणी आणखी आटवायचं. जितकं उकळेल तितकं शुद्ध.

८ मे, अकोला
पहाटे बाबांना श्वास घेता येईना. गाडी करून आणलं. मशीन लावलं.
डॉक्टरांनी विचारलं, मीठ किती देत होतात? चिमूटभरही नाही, मी म्हणाले. त्यांनी तेच पुन्हा विचारलं. त्यांना मी खोटं बोलते असं वाटलं. फार राग आला.

१० मे
आठवड्यातून दोनदा मशीन. आता नेहमीचंच, डॉक्टर म्हणाले.
दुपारी दवाखान्याची बिनमिठाची खिचडी आली. बाबांनी एक घास घेतला आणि थांबले. म्हणाले, याच्यात त मीठच नाही बाई, तुया दायीले कशी मिठाची चव राहे.
मी चाखली. कागद चघळल्यासारखी. जिरं होतं. लसूणही होता.
घरी मी मीठ टाकलं नव्हतं. पाणी टाकलं होतं.

१२ मे, बसमध्ये
बाबांचे कपडे आणायला घरी गेले होते. आई चुलीपाशी होती. तिचा पाय सुजल्यासारखा दिसला म्हणून घोट्यावर बोट दाबलं. खळगा पडला. बोट काढलं तरी तसाच राहिला. ती म्हणाली, काय करून राहिली वं, गुदगुल्या होतात.
तिला आणि मनकर्णाकाकूंना सांगितलं की आजपासून स्वयंपाक नळाच्याच पाण्यावर. दोघी हो म्हणाल्या. मी काहीही सांगितलं तरी दोघी हो म्हणतात. बोअरचं पाणी वापरा म्हटलं तेव्हाही दोघींनी ऐकलंच होतं. म्हणून त्या होकारावर न विसंबता निघण्याआधी बोअरच्या मोटरचा स्टार्टर खोलून घेतला. भांडी, धुणं कशाने करायचं, हे ठरवलेलं नाही.
मघाशी आईचा फोन आला. लाइट हाय, पण टाकीत पाणी चढून नाही राहिलं, नितेशले पाहाले लावू काय? मी म्हणाले, नको. स्टार्टर मी आणला.
तिने विचारलं, त्यायले जेवाले काय देशीन?
स्टार्टर फडक्यात बांधून मांडीवर घेतला आहे. शेजारच्या बाईंनी विचारलं, पेशंटचा डबा हाय काय?
मी हो म्हणाले.